भ्रूणाचा दर्जा काय, आणि तो ठरवणार कोण?

(वडखळ येथे पेण आणि रोहा तालुक्यांतल्या महिला मंडळांच्या व बचत गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



‘भ्रूणाचा नैतिक दर्जा’ असं फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघीतिघी एकमेकींकडे बघून हसल्या. शब्द जड आहेत, मान्य. पण प्रश्न परका नाही. आपल्याकडे येणारी बाई तो तिच्या भाषेत विचारतेच. दोन लेकरं पदराशी आहेत, तिसऱ्या वेळी पाळी चुकली आहे, आपल्याबरोबर ती दवाखान्यात निघते आणि एसटीत खिडकीबाहेर बघत हळूच विचारते, ‘ताई, पाप लागेल का हो?’ तिला ‘कायद्याने परवानगी आहे’ असं सांगितलं तर ती मान डोलावते आणि गप्प बसते. कारण तिने कायदा विचारलेलाच नसतो. पोटात आहे ते नेमकं काय आहे, एवढंच तिला विचारायचं असतं.

आता या प्रश्नाला दुसरं टोक फुटलं आहे. पनवेलपासून इकडे येताना हायवेवर मूल होण्यासाठीच्या उपचारांचे फलक तुम्ही पाहता. अशा एका केंद्रात उपचार घेतलेली, पुढे बाळंतीण झालेली एक बाई माझ्याकडे कागद घेऊन आली. केंद्रात तिचे चार भ्रूण गोठवून ठेवलेले होते. वर्षाचं भाडं भरा, नाहीतर पुढे काय करायचं ते लिहून द्या, असं त्या कागदात होतं. ती म्हणाली, ‘ती माझी मुलं आहेत की औषधाच्या बाटल्या आहेत, ते आधी मला सांगा.’ नवरा म्हणत होता, पैसे कशाला भरायचे? सासू म्हणत होती, वंशाचा दिवा आहे, टाकायचा नाही. तिला स्वतःला काय वाटतं, हे घरात कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून हा विषय.

आधी आपल्या बायकांच्या बोलीकडे बघू, कारण पंडितांच्या आधी तिने यावर विचार केलेला आहे. आपण काय म्हणतो? आधी ‘पाळी चुकली’. मग ‘दिवस गेले’. मग ‘तिला दिवस आहेत’. मग ‘पोट दिसायला लागलं’. पाचव्या महिन्याच्या सुमारास ‘बाळ हललं’. तिसऱ्या महिन्यात ओटी भरतात ती चोरून, तिला नावच चोरचोळी. डोहाळजेवण सातव्यात, उघडपणे, चारचौघींत. बाळ जन्मल्यावरही नाव लगेच नाही. पाचवी पुजायची, सटवी येऊन कपाळावर लिहून जाणार, मग बाराव्या दिवशी बारसं. म्हणजे एका क्षणी काहीच नव्हतं आणि दुसऱ्या क्षणी माणूस झाला, असं आपली बोली मानत नाही. ती पायऱ्या मानते. सुरुवातीचे दिवस आईच्या अंगाचे, तिच्या पाळीच्या हिशोबातले. जसजसे महिने भरतात तसतसं त्या गर्भाचं आपलं असं काही उभं राहत जातं. तिसऱ्या महिन्यात ‘अंगावरून गेलं’ म्हणणारी बाई नवव्या महिन्यात मूल गेलं तर ‘माझं बाळ गेलं’ म्हणते. दोन्ही वेळचं दुःख खरं, पण ती दोन्हींना एकच शब्द वापरत नाही.

हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या काहीजणी इथे बसल्या आहेत, त्यांना ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली कळेल. मातीचा गोळा साच्यात जातो, मूर्ती बाहेर येते, वाळते, रंग चढतो, शेवटी डोळ्यांची आखणी होते. तरी देव होतो तो घरी नेऊन प्राणप्रतिष्ठा केल्यावर. मग त्याआधी ती नुसती माती असते का? तसंही नाही. आखणी झालेल्या मूर्तीला कोणी पाय लावत नाही. वाहतुकीत एखादी मूर्ती फुटली तर कारखानदार हळहळतो, पण देव मेला असं म्हणत नाही. आदर वेगळा आणि पूर्ण देवपण वेगळं, एवढं सांगण्यापुरती ही तुलना ठीक आहे. त्यापुढे ती लंगडी पडते. मूर्ती शेडमधल्या फळीवर उभी असते, गर्भ बाईच्या शरीरात असतो. फळीला उलट्या होत नाहीत, फळीचं रक्त कमी होत नाही, आणि मूर्ती नको असेल तर फळीचं मत विचारावं लागत नाही.

आता धर्म काय म्हणतात ते बघू. आपल्या जिल्ह्याचं एक बरं आहे, जगातले बहुतेक मोठे धर्म इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले आहेत.

हिंदू परंपरेत एकच मत आहे असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. चरकसंहितेप्रमाणे शुक्र, शोणित आणि जीव एकत्र आले की गर्भ होतो, म्हणजे जीव पहिल्यापासून आहे. गर्भोपनिषद म्हणतं की सातव्या महिन्यात गर्भाला जीव येऊन मिळतो. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं, बाई दोन हृदयांची होते, दौहृदिनी. आपला ‘डोहाळे’ हा शब्द तिथूनच आला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली लिहिलेल्या धर्मसिंधूत सुतकाचे नियम आहेत. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो ‘स्राव’, पाचव्या-सहाव्यात ‘पात’, त्यानंतर ‘प्रसूती’. स्राव झाला तर आईला मोजके दिवस, बापाला नुसती आंघोळ. महिने वाढतील तसं सुतक वाढतं आणि नात्यातल्यांपर्यंत पसरतं. म्हणजे शास्त्रकारांनीही पायऱ्याच मानल्या.

पण तुम्ही म्हणाल, शास्त्रात भ्रूणहत्या महापाप सांगितली आहे ना? सांगितली आहे. ते पाप कशाकशाच्या जोडीला बसवलं आहे ते मात्र नीट वाचायला हवं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्राह्मणहत्येचं प्रायश्चित्त ‘अविज्ञात’ गर्भाच्या हत्येलाही लावलं आहे. अविज्ञात म्हणजे मुलगा की मुलगी हे न कळलेला. वसिष्ठ धर्मसूत्रात याचं कारण उघड दिलं आहे: असा गर्भ मुलगा असू शकतो. विचार करा, मैत्रिणींनो. जे वचन दाखवून आपल्याला सांगतात की धर्म गर्भाला केवढं पवित्र मानतो, त्या वचनात पावित्र्य गर्भाचं आहे की मुलग्याचं? तिसऱ्या महिन्यातला पुंसवन संस्कारही मुलगा व्हावा म्हणूनच. सोनोग्राफीचं यंत्र फार उशिरा आलं, तिची ऑर्डर फार आधी देऊन झाली होती.

यात एकटे हिंदूच नाहीत. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं की मुलग्याचा गर्भ चाळीस दिवसांत आकाराला येतो आणि मुलीचा नव्वद दिवसांत. तेच धरून युरोपातले ख्रिस्ती धर्मशास्त्री कित्येक शतकं गर्भात आत्मा उशिरा येतो असं मानत होते. थॉमस ॲक्वायनसही त्याच मताचा. गर्भपात त्यांना तेव्हाही पापच वाटे, पण आत्मा येण्यापूर्वीचा गर्भपात मनुष्यहत्या धरला जात नसे. १८६९ मध्ये पोप नववे पायस यांनी शिक्षेतला हा फरक काढून टाकला. गर्भधारणेच्या क्षणापासून भ्रूणाला माणूस म्हणून वागवा, ही भूमिका घेऊन १९८७ मध्ये व्हॅटिकनने प्रयोगशाळेतल्या गर्भधारणेलाही विरोध केला. कोर्लई-रेवदंड्याच्या कॅथलिक मैत्रिणींना चर्चमध्ये आज जे ऐकायला मिळतं ते हे. प्रॉटेस्टंट पंथांत मात्र बरीच मतभिन्नता आहे.

मुसलमानांत हदीसच्या आधारे चाळीस-चाळीस दिवसांचे तीन टप्पे मानतात, आणि १२० दिवसांनी रूह फुंकली जाते असं बहुतेक उलेमा सांगतात. त्याआधी सबळ कारण असेल तर गर्भपात चालतो का, यावर पंथापंथांत वाद आहे. आपले कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्या पंथातही एकमत नाही. काहींनी चाळीस दिवसांपर्यंत मुभा दिली. गझालींसारख्या मोठ्या विद्वानाने सुरुवातीपासून विरोध केला, पण त्यांनीही म्हटलं की टप्पा पुढे जाईल तसा अपराध वाढत जातो. आईचा जीव धोक्यात असेल तर आई वाचवायची, याबद्दल फारसं दुमत नाही.

आणि आपले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायल. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे, या भागातल्या कितीतरी गावांची नावं त्यांच्या आडनावांत आहेत. बहुतेकजण इस्रायलला गेले. त्यांच्या तालमूदमध्ये पहिल्या चाळीस दिवसांच्या गर्भाला नुसतं पाणी म्हटलं आहे. आणि मिश्नामध्ये स्पष्ट नियम आहे: बाळंतपण अडलं आणि आईच्या जिवावर बेतलं तर गर्भ कापून काढावा, कारण तिचा जीव आधी. बाळाचं डोकं बाहेर आलं की मात्र एका जिवासाठी दुसरा घ्यायचा नाही. सुईणीच्या शेजारी बसून लिहावा तसा हा नियम आहे.

बौद्ध विनयात गर्भपाताला मदत करणाऱ्या भिक्षूला संघातून काढायला सांगितलं आहे. जैनांची अहिंसा तर सूक्ष्म जिवापर्यंत जाते. पण महाडच्या चवदार तळ्याच्या या जिल्ह्यात दुसरीही एक आठवण काढायला हवी. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत डॉ. आंबेडकरांच्या वतीने रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. तो ठराव गर्भपाताचा नव्हता, पण मूल कधी हवं हे बाईच्या इच्छेवर असावं, हा विचार त्या भाषणात होता. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून हेच सांगत होते आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते.

धर्म न मानणाऱ्यांचंही एकमत नाही, हे मुद्दाम सांगते. कारण विज्ञान म्हणजे उत्तर तयार, असं आपल्यापैकी काहींना वाटतं. विज्ञान एवढंच सांगतं की साधारण चौदाव्या दिवसापर्यंत भ्रूणाचे दोन होऊ शकतात, एकसारखी जुळी होतात ती अशीच. चौदाव्या-पंधराव्या दिवशी त्याच्यावर एक रेघ उमटते, तिथून पुढे शरीराची दिशा ठरते. मज्जासंस्था, मेंदू हे फार पुढचं. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९८४ मध्ये त्या रेघेचा आधार घेऊन म्हटलं, प्रयोगशाळेत भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवायचा नाही. आपल्या आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांनीही तीच मर्यादा घेतली. पण रेघ निसर्गाने काढली असली तरी तिथे थांबायचं हे माणसांनी ठरवलं. एक पक्ष म्हणतो, ज्याला वेदना कळत नाही त्याला हक्क कसला? दुसरा म्हणतो, आज कळत नसेल, पण त्याच्यापुढे आपल्यासारखंच आयुष्य आहे ते तुम्ही हिरावता. हा दुसरा युक्तिवाद डॉन मार्क्विस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८९ मध्ये देवाचं नाव न घेता केला. आणि त्याच्या आधी, १९७१ मध्ये, ज्युडिथ जार्विस थॉमसन या बाईने वेगळाच सवाल टाकला होता. क्षणभर धरून चालू की गर्भ पूर्ण माणूस आहे. तरीसुद्धा एका माणसाला जगण्यासाठी दुसऱ्याचं शरीर नऊ महिने तिच्या मर्जीविरुद्ध वापरायचा हक्क मिळतो का?

मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाकीचे सगळे भ्रूणाकडे बघत होते, ही बाई गर्भार बाईकडे बघत होती. आपल्याकडे हे काम शंभर वर्षं आधी झालं होतं, फक्त तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात नाही. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, १८७५ मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींनी काढलं. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली, पुढे ती कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रांनी बायकांच्या अनीतीवर रकाने भरले. त्या रकान्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्या काळी मूल जन्मलेलं असे, त्याच्या दर्जाबद्दल शंकाच नव्हती. तरी या लोकांनी विचारलं की तिला या टोकाला आणलं कोणी, आणि तो पुरुष कुठे आहे?

आता आपल्या चळवळीबद्दल थोडं बोलायचं आहे, आणि इथे काही मैत्रिणींना माझं म्हणणं पटणार नाही.

१९८५-८६ च्या सुमारास मुंबईत गर्भलिंग परीक्षेविरुद्ध स्त्री संघटनांनी आणि डॉक्टर-कार्यकर्त्यांनी मिळून मंच उभा केला. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला. कायदा कागदावर राहिला म्हणून २००० साली ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा सुधारला. हे सगळं आपलं काम, आणि अभिमानाचं. पण या प्रवासात कुठेतरी ‘गर्भलिंग निवड’ हा शब्द मागे पडला आणि ‘स्त्री भ्रूणहत्या’ पुढे आला. सरकारी भिंतींवर, एसटीच्या पाठीवर, शाळेच्या पथनाट्यात. ‘आई, मला मारू नकोस’ असं पोटातून ओरडणारी चिमुरडी काढलेली चित्रं तुम्ही पाहिली आहेत, आपल्या मेळाव्यांतही लावली गेली आहेत.

त्या चित्रात काय आहे बघा. भ्रूण बोलतो आहे, म्हणजे तो पूर्ण माणूस. मारणारी आई आहे. सासू नाही, नवरा नाही, मशीनवाला डॉक्टर नाही, हुंडा नाही, शेताची वाटणी नाही. ‘हत्या’ म्हटलं की खुनी लागतो, आणि खुनी म्हणून जी हाताशी सापडते ती बाई. शिवाय हत्या म्हटल्यावर ती मुलीच्या गर्भाची तेवढी हत्या आणि बाकी गर्भपात कायदेशीर, हे लोकांना कसं पटावं? त्यांना पटलंच नाही. सगळाच गर्भपात गुन्हा आहे असं मानणारी माणसं आज गावोगाव भेटतात, त्यात आशाताई आहेत, पोलीस आहेत, नर्स आहेत.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या, २००१ मध्ये ९१३ होत्या. बीडचा आकडा ८०७. पुढच्याच वर्षी परळीला बेकायदा गर्भपातात एक बाई मेली. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला पुन्हा तेच झालं, ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण सापडले. दोन्ही वेळा बातमी भ्रूणांची झाली. मेलेली बाई त्या बातमीची सुरुवात होती, पण विषय झाली नाही. परळीनंतर राज्यात गर्भपाताच्या गोळ्यांवर कडक नजर बसली आणि कटकट नको म्हणून अनेक औषधवाल्यांनी त्या ठेवणंच सोडलं. आता हिशोब करा. गोळ्या चालतात पहिल्या नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत लिंग दिसतं ते त्यानंतर. म्हणजे ज्या गोळ्यांचा मुलगा-मुलगीशी संबंधच नाही त्या गेल्या, आणि त्यांच्याअभावी बाई गेली बाराव्या, पंधराव्या आठवड्यात वैदूकडे.

माझं म्हणणं असं की ‘भ्रूणहत्या’ हा शब्द आपण सोडला पाहिजे. ‘लिंगनिवड’ म्हणा, ‘मुलगी नाकारणं’ म्हणा. आपला विरोध मुलगी म्हणून जन्मच नाकारण्याला आहे, तो स्त्रियांच्या दर्जाचा प्रश्न आहे. त्यासाठी भ्रूणाला माणूस ठरवण्याची गरज नाही.

कायदा या बाबतीत आपल्या बोलीच्या जवळ आहे, म्हणजे पायऱ्या मानणारा. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालावरून १९७१ चा कायदा झाला. एकीकडे चोरट्या गर्भपातात मरणाऱ्या बायका आणि दुसरीकडे लोकसंख्येची चिंता, अशी त्याची पार्श्वभूमी. बाईचा हक्क म्हणून तो आलेला नाही, हे ध्यानात ठेवा. २०२१ च्या सुधारणेनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, बलात्कार, अल्पवय, नवरा वारला किंवा घटस्फोट झाला, अशा काही कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि गर्भात मोठा दोष असेल तर मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही. पण दंडविधानात, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेतही, गर्भपात हा मूळ गुन्हा आहे आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात येते. १९७१ चा कायदा म्हणजे त्या गुन्ह्यातून दिलेली सूट. वारसाहक्कात मात्र उलटं आहे. बाप वारला तेव्हा पोटात असलेल्या मुलाला हिंदू वारसा कायद्याने वाटा आहे, पण ते जिवंत जन्मलं तर. सातबारावर नाव लागतं जन्मलेल्याचं.

सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. ताहिलरामानी आणि न्या. मृदुला भाटकर यांच्यासमोर भायखळा तुरुंगातल्या गर्भवती कैद्यांचा प्रश्न आला. त्यांनी लिहिलं की मानवी हक्क जन्मानंतर लाभतात, न जन्मलेला गर्भ त्यांचा धनी नाही, आणि गर्भ बाईच्या शरीरात वाढतो म्हणून निर्णय तिचा. ही दोन बाया न्यायाधीशांची ओळ प्रत्येक कार्यकर्तीने पाठ करावी. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांची मुदत खुली केली. आणि साधारण वर्षभराने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याच न्यायालयाने दोन मुलांच्या, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं घेणाऱ्या बाईला सव्वीस आठवड्यांच्या पुढे गर्भपात नाकारला. आधी दोन न्यायाधीशांनी परवानगी दिली होती, मग मतभेद झाले, मग तीन न्यायाधीशांनी नाही म्हटलं.

यातली सगळ्यात अवघड जागा अपंगत्वाची. २००८ मध्ये निकेता मेहता यांच्या गर्भाच्या हृदयात दोष निघाला, सव्वीसावा आठवडा होता, उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, पुढे काही दिवसांत त्यांचा गर्भ आपोआप पडला. त्या वेळी आपण त्यांच्या बाजूने होतो आणि ते बरोबरच होतं. पण अपंग स्त्रियांच्या संघटना विचारतात, मुलगी म्हणून नाकारलं तर तुम्ही मोर्चा काढता, अपंग म्हणून नाकारलं तर कायदाच मुदत वाढवून देतो, हे कसं? मुलीला नाकारणारा समाज वाईट, मग अपंग मुलाच्या आईला वाऱ्यावर सोडणारा समाज कोण? मला यावर पूर्ण समाधानाचं उत्तर सापडलेलं नाही. एवढंच वाटतं की निर्णय त्या बाईचाच हवा, आणि ज्या भीतीपोटी ती तो घेते त्या भीतीचं काम सरकारने करायला हवं. शाळा, औषधोपचार, पेन्शन. त्या बाईला कायद्याच्या कलमात कोंडून अपंगांचा सन्मान वाढत नाही.

आता त्या गोठवलेल्या भ्रूणांकडे येते. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली, सरकारी संस्थेच्या मदतीने, महापालिकेच्या रुग्णालयात. पंधरा वर्षांनी, २००१ मध्ये, अमेरिकेने भ्रूणांपासून केलेल्या मूळपेशींच्या मान्य साठ्यांची यादी काढली. तीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात साठे होते. अमेरिकेचे अध्यक्ष बुश भ्रूण पवित्र म्हणून नव्या साठ्यांवर सरकारी पैसा खर्च करायला नाही म्हणत होते, आणि तिथल्या शास्त्रज्ञांची नजर आपल्या मुंबईकडे वळली होती. म्हणजे भ्रूणाचा दर्जा देशाप्रमाणे आणि बाजाराप्रमाणेही बदलतो.

‘माझं शरीर, माझा निर्णय’ ही घोषणा इथे अपुरी पडते, कारण भ्रूण शरीराबाहेर आहे, नायट्रोजनच्या टाकीत. तो तिच्याइतकाच नवऱ्याचा आहे असं कोणी म्हटलं तर काय उत्तर द्यायचं? मला वाटतं, दोघांचा वाटा सारखा नाही. पुरुषाला त्यासाठी एक बाटली भरून द्यावी लागली. बाईने दहा-बारा दिवस सुया घेतल्या, भुलीखाली स्त्रीबीजं काढून घेतली, आणि पुढे तो वाढवायचा असेल तर पुन्हा तिच्याच पोटात. म्हणून तिच्या गर्भाशयात भ्रूण घालायचा की नाही यावर शेवटचा शब्द तिचाच. बाकी, चार दिवसांच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भ्रूणाला मूल मानून आयुष्यभर भाडं भरत राहावं असं मला वाटत नाही. तो कुणाच्याही मालकीची चीजवस्तू आहे असंही वाटत नाही. २०२१ चा सहाय्यक प्रजनन कायदाही साधारण असाच मधला रस्ता घेतो: भ्रूण विकता येत नाही, लिंग निवडून घालता येत नाही, जास्तीत जास्त दहा वर्षं साठवता येतो, नंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणी झालेल्या संस्थेला संशोधनासाठी द्यायचा.

त्या बाईला मी हेच सगळं सांगितलं, आणि तिने काय करावं ते सांगितलं नाही. ती चार दिवसांनी आली. म्हणाली, आधी आम्ही दोघं समुद्रावर जाऊन येतो, मग सही करते. कशासाठी जाणार ते मी विचारलं नाही. सही तिने नष्ट करण्याच्या रकान्यात केली, नवऱ्यानेही केली. सासूला सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

यापुढे असे कागद तुमच्याकडेही येणार आहेत. बाई उपचार सुरू करतानाच ते वाचले जायला हवेत, कारण नंतर सगळं घाईत होतं. किती भ्रूण एका वेळी घालणार, उरलेले किती वर्षं ठेवणार, दर वर्षी किती पैसे, नवरा-बायको वेगळे झाले किंवा दोघांतलं एक वारलं तर काय करायचं, संशोधनाला देण्याची संमती वेगळी घेतली आहे की मोठ्या मजकुरात घुसडली आहे, आणि हे तिला मराठीत कोणी समजावलं का. अशा फॉर्मचा एक नमुना, नावं खोडून, मी आणला आहे. त्याच्या दहा झेरॉक्स आहेत. चहा झाला की तिघीतिघींचे गट करून तो कलमवार वाचू, आणि ज्या ओळी कळत नाहीत त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.